टूजी बंद होणार म्हणतात, मग नदीकाठच्या मोटरीच्या स्टार्टरचं काय करू?

कडवाकाठ (निफाड तालुका, नाशिक)

राम राम मंडळी. प्रश्न साधा आहे, पण दुकानदार आणि पुतण्या या दोघांनी मिळून डोकं फिरवलंय, म्हणून इथे विचारतो.

तीन एकर द्राक्षं, दीड एकर ऊस. पाणी कडवा नदीवरून उचलतो, पाइपलाइन पावणेदोन किलोमीटर. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री. २०१७ साली मोबाईल स्टार्टर बसवला, तेव्हा साडेचार हजार पडले. आत टूजीचं सिम. फोन लावला की बाई बोलते, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. फेज गेला किंवा मोटर कोरडी फिरायला लागली तर उलट तोच मला फोन करतो. सात-आठ वर्षांत एकदा रिले (आतला चालू-बंद करणारा स्विच) बदलला, बाकी तक्रार नाही.

हा डबा आमच्यासाठी चैन नाही. नदीकाठ म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे बिबट्या. मागल्या जानेवारीत शेजारच्या बांधावर पायाचे ठसे होते, बशीएवढे. वडील रात्री एक वाजता बॅटरी आणि काठी घेऊन मोटरीवर जायचे, ते दिवस आईने काढलेत. घरातला टीव्ही महिनाभर बंद पडला तरी ती काही बोलणार नाही, पण स्टार्टर बंद पडला की झोपत नाही.

आता अडचण. गेले तीन-चार महिने रात्री फोनच लागत नाही. साडेदहाला लाईट येते, मी फोन लावतो, तर 'संपर्क होऊ शकत नाही'. सव्वाअकरा-साडेअकराला मात्र लागतो. दिवसा तर पहिल्या रिंगला उचलतो. डबा काढून नाशिकला एम. जी. रोडला घेऊन गेलो. दुकानदाराने उघडलासुद्धा नाही. म्हणाला, टूजी संपलं दादा, फोरजीचा घ्या, सात हजार आठशे. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, काका थांबा, आता फाइव्हजी आहे, उपग्रहावरून नेट येतंय, आज फोरजी घेतलं तर चार वर्षांनी पुन्हा हेच.

छाटणी तोंडावर आली. थांबू की घेऊ? आणि खरंच टूजी बंद होतंय का, की दुकानदाराला माल खपवायचाय?

---

सिन्नरकर_९०

घेऊन टाका दादा फोरजी. मी गेल्या वर्षी घेतला, अ‍ॅपवर सगळं दिसतं, व्होल्टेज, करंट, किती तास चालली. टूजीत काही राम राहिला नाही.

---

जुना_क्रॉसबार (इंदिरानगर, नाशिक)

कडवाकाठ, तुमच्या डब्यात बिघाड नाही. तुम्हीच लिहिलंय की दिवसा पहिल्या रिंगला उचलतो. डबा बिघडला असता तर घड्याळ बघून बिघडला नसता.

मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली. ट्रंक कॉल बुक करून लोक तीन-तीन तास बसायचे, साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे दर असायचे, तेव्हापासून. सवयीने आधी ट्रॅफिक बघतो. रात्री साडेदहाला तुमच्या शिवारात काय होतं? लाईट येते. त्या मिनिटाला एकटे तुम्हीच मोटरीला फोन लावता का? त्या टॉवरखाली दोनशे डबे असतील तर दोनशे शेतकरी अंथरुणात बसून एकदम फोन लावतात.

आता टॉवरकडून बघा. टूजीची एक लहरपट्टी, आम्ही कॅरिअर म्हणायचो, दोनशे किलोहर्ट्झची असते. तिचे वेळेनुसार आठ तुकडे करतात. एक तुकडा टॉवरच्या स्वतःच्या कामाला, उरले सात. म्हणजे ढोबळमानाने एका कॅरिअरवर एका वेळी सात बोलणी, दाबून बसवली तर त्याच्या दुप्पट. २०१७ साली तुमच्या टॉवरवर असे कॅरिअर भरपूर असणार. आज कंपनी तेच कॅरिअर एकेक करून काढते आणि ती जागा फोरजीला देते. लिलावात घेतलेल्या लहरींवर टूजीच चालवा असं बंधन नसतं, कंपनीला जे परवडेल ते ती चालवते. पाच मेगाहर्ट्झमध्ये टूजीचे पंचवीस कॅरिअर बसतात. त्याच पाच मेगाहर्ट्झमध्ये फोरजी लावलं तर गावभर व्हिडिओ चालतात. कंपनी कशाला टूजी सांभाळेल?

म्हणून 'टूजी बंद होणार का' याचं उत्तर विचित्र आहे. सरकारने अमुक तारखेला बंद असं काही सांगितलेलं नाही, तो कंपन्यांचा निर्णय. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा निदान तारीख ठरलेली होती, लोक रांगा लावून शेवटची तार करायला आले. टूजी तसं जाणार नाही. विहिरीचं पाणी उतरतं तसं उतरणार. फोनवर कांड्या पूर्ण दिसतील आणि फोन लागणार नाही. दुकानदाराने नेमकं टूजी संपलं म्हणणं ही घाई, पण दिशा त्याने बरोबर सांगितली.

बाहेरच्या देशांत हे होऊन गेलंय. जपानमध्ये २०१२ ला टूजी गेलं, सिंगापूरला एप्रिल २०१७ ला. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी थ्रीजी बंद करायला घेतलं. युरोपात मात्र बऱ्याच कंपन्यांनी आधी थ्रीजी काढलं आणि टूजी ठेवलं, कारण वीजमीटर, लिफ्ट, गाड्यांतली अपघाताची सूचना देणारी यंत्रं, सगळी टूजीवर. आपल्याकडेही तसंच झालं. थ्रीजी कधी गेलं कुणाला कळलंसुद्धा नाही, टूजी अजून आहे. ते तुमच्या डब्यांमुळे आहे आणि ज्यांच्या हातात अजून बटणांचा फोन आहे त्यांच्यामुळे. जिओने तर २०१६ ला सुरुवातच फक्त फोरजीवर केली, त्यांच्याकडे टूजी नाहीच. त्यामुळे त्यांचं सिम तुमच्या जुन्या डब्यात घालून बघण्याचे कष्ट घेऊ नका.

आज रात्री एक करून बघा. साडेदहाऐवजी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी, लाईट यायच्या आधी फोन लावा. डब्यात बॅटरी असेल तर तो उचलेल. लागला तर माझं म्हणणं खरं.

---

कडवाकाठ

काका, लागला! सव्वादहाला, पंचवीसला, दोन्ही वेळा पहिल्या रिंगला. 'फेज उपलब्ध नाही' म्हणाली बाई. आणि पस्तीसला पुन्हा तेच रडगाणं. म्हणजे सगळं शिवार एकाच दारातून घुसतंय.

मग ऑटोवर टाकून ठेवू का? लाईट आली की आपोआप चालू. पण आमच्या डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांनी ऑटो लावलं होतं तेव्हा लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम उचलल्या आणि डीपी जळाली. नऊ दिवस पाणी नव्हतं. तेव्हापासून गावात ठरलंय, ऑटो लावायचं नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. या डब्याचं सिम महिन्यातून सगळं मिळून तासभर बोलत नाही. पण ते जिवंत ठेवायला मला अठ्ठावीस दिवसांचा पॅक मारावा लागतो, वर रोजचा दीड जीबी डेटा. मोटर काय व्हिडिओ बघते का? प्लॉटवर वेदर स्टेशन आहे, पान किती तास ओलं राहिलं ते सांगतं, डावणी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज येतो. त्याचं सिम वेगळं, त्याचाही पॅक. घरात माणसं पाच आणि सिमं नऊ.

---

जुना_क्रॉसबार

ऑटोमध्ये 'डिले' असतो तो वापरा. लाईट आल्यावर किती वेळाने मोटर उचलायची ते सेट करता येतं. गावाने बसून ठरवलं की पहिली मोटर दोन मिनिटांनी, दुसरी चार, तर डीपीही वाचेल आणि टॉवरही. पण गावाने बसून ठरवणं हे फाइव्हजीपेक्षा अवघड, हे मलाही माहीत आहे.

पॅकचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला पॅक द्यावाच लागेल, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. दुकानात टांगलेल्या कागदावर तो बहुतेक सगळ्यात खाली असतो. मागून घ्या.

यंत्रांसाठी वेगळी सिमंही असतात. २०१८ च्या जुलैपासून त्यांना तेरा आकडी नंबर देतात, म्हणजे माणसांचे दहा आकडी नंबर संपू नयेत. तुमच्या वेदर स्टेशनचं सिम काढून बघा, तेरा आकडे निघतील कदाचित. ती कंपन्यांना घाऊक मिळतात, सुट्टा शेतकरी गेला तर काउंटरवरचा पोरगा तोंडाकडे बघतो.

---

अंबड_पीएलसी

सिन्नरकर म्हणतात तसं डोळे झाकून फोरजी घेऊ नका. मी अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात आहे, हे डबे रोज उघडतो. दुकानदाराला दोन गोष्टी विचाराच.

एक, यात व्होल्टीई आहे का? फोरजीत फोनवरचं बोलणं डेटाच्या रूपातच जातं, त्याला डब्यातल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागात, वेगळी सोय लागते, तीच व्होल्टीई. स्वस्तातल्या कित्येक फोरजी मॉड्यूलमध्ये ती नसते. मग फोन करून एक दाबण्याचा प्रकार बंद, फक्त अ‍ॅप. काही डबे त्याहून नामी असतात: डेटा फोरजीवर आणि कॉल मात्र खाली उतरून टूजीवर! वर फोरजीचं लेबल असतं, आणि रात्री साडेदहाला तुमचं रडगाणं तेच. दुकानातच जिओचं सिम घालून डब्याला फोन लावायला सांगा. वाजला आणि एक दाबल्यावर रिले खटकला तर व्होल्टीई आहे.

दोन, अ‍ॅप कुणाच्या सर्व्हरवर चालतं? माझ्या सासऱ्यांनी चांदवडला डाळिंबाला ठिबकचा कंट्रोलर घेतला, बावीस हजारांचा. व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडायचे, झकास. तिसऱ्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला आणि सर्व्हर बंद केला. डबा धडधाकट, नेटवर्क धडधाकट, पण अ‍ॅप नुसतं गोल फिरतंय. शेवटी मी आतलं कार्ड काढून टाकलं आणि साधा टायमर बसवला. नेटवर्कची पिढी दहा-वीस वर्षं टिकते, अ‍ॅपवाली कंपनी किती वर्षं टिकेल ते तिचा मालकही सांगू शकत नाही. म्हणून फोन, एसएमएस आणि अ‍ॅप तिन्ही चालेल तोच डबा घ्या.

तिसरा रस्ता सिमशिवायचा आहे. लोरा म्हणून रेडिओ असतो, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, त्याला आपल्याकडे लायसन लागत नाही. उघड्या शिवारात पावणेदोन किलोमीटर आरामात जातो. घराच्या गच्चीवर एक डबी, मोटरीवर एक. रिचार्ज नाही, टॉवर नाही. मधे मोठी झाडी किंवा उंचवटा नको एवढंच. मात्र पुण्याला लग्नाला गेलात तर तिथून मोटर चालू होणार नाही, त्यासाठी घरच्या डबीला नेट जोडावं लागेल.

पुतण्याला सांगा, मोटर चालू-बंद करायला फाइव्हजी लागत नाही. कॅट वन नावाचं जे साधं फोरजी मॉड्यूल असतं ते दहा एमबीपीएसपर्यंत जातं, तेही डब्याला हजारपट जास्त झालं. फाइव्हजीची यंत्रांसाठीची स्वस्त आवृत्ती आहे, रेडकॅप म्हणतात, तिचे नियम २०२२ मध्ये ठरले. एम. जी. रोडवर साडेचार हजारांत ती मिळायला लागेल तेव्हा बघू.

---

सुरगाणा_शाळा

तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. मी सुरगाणा तालुक्यात एका पाड्यावर शिक्षिका आहे. आमच्याकडे उलटं झालंय, टूजी यायच्या आधीच फोरजी आलं.

गेल्या वर्षापर्यंत हजेरी भरायला मी शाळेमागच्या माळावर, मोहाच्या झाडाखालच्या दगडावर चढायचे. पोरं त्याला 'बाईंचा टॉवर' म्हणायची. मग खरा टॉवर आला. २०२२ मध्ये सरकारने नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी फोरजीची योजना मंजूर केली होती, त्यातलाच असावा. आता दगडावर चढावं लागत नाही.

पण टॉवरवर फक्त फोरजी आहे. पाड्यावरच्या निम्म्या घरांत बटणांचे जुने फोन, बाजाराला गेलं की वापरायचे म्हणून ठेवलेले. टॉवर दारात आणि यांच्या फोनवर नेटवर्क शून्य. एक आजी रोज येऊन विचारायची, बाई, माझाच काय बिघडला? नातवाने शेवटी हजारभर रुपयांचा फोरजीचा बटणफोन आणून दिला. आता आजी मुंबईला बिगारीवर गेलेल्या मुलाला रोज फोन करते आणि तो म्हणतो आई, रोज नको.

तेव्हा कडवाकाठ दादा, तुमचा पुतण्या थांबा म्हणतो त्याचं ऐकू नका. थांबलेल्यांचं काय होतं ते मी बघितलंय. आणि पावसाळ्यात आमची लाईट दोन दिवस गेली की टॉवरची बॅटरी संपते आणि मी पुन्हा दगडावर. तिथून पलीकडच्या डोंगरावरचा टॉवर मिळतो. म्हणून दगड अजून सांभाळून ठेवलाय.

---

कडवाकाठ

ताई, तुमच्या दगडाला नमस्कार.

काका, पुतण्या मागे उभा राहून वाचतोय. म्हणतो विचारा, उपग्रहाचं काय? आणि सिक्सजी आलं की टॉवरच रडारसारखं काम करणार, मग उसात बिबट्या कुठे बसलाय ते कळेल का? हसू नका, आई पण कान देऊन ऐकतीये.

---

जुना_क्रॉसबार

हसत नाही. पोरगं वाचतंय, चांगलंय.

उपग्रहाचं असं. जुने दूरसंचार उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर उंच. बोललं की समोरच्याचं उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागायचं, दोघंही एकदम बोलायचे आणि एकदम गप्प व्हायचे. नवे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तो खोळंबा गेला. पण खाली असल्यामुळे ते डोक्यावर थांबत नाहीत, मिनिटांत निघून जातात, म्हणून हजारोंनी सोडावे लागतात. असं नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला २०२५ च्या जूनमध्ये आपल्याकडे लायसन मिळालं. तबकडीला उघडं आकाश लागतं आणि चोवीस तास वीज. सुरगाण्याच्या शाळेला ते कामाचं आहे, टॉवरची बॅटरी संपली तरी शाळेच्या छपरावरच्या सोलरवर चालेल. तुमच्या मोटरीला म्हणजे मुंगी मारायला तोफ.

सिक्सजीचं पुतण्या खोटं बोलत नाही. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पुढच्या पिढीचा आराखडा केला, त्यात संपर्क आणि जाणीव एकत्र असा एक उपयोग लिहिलाय: लहरी वस्तूवर आपटून परत येतात त्यावरून ती कुठे आहे आणि कशी हलतेय ते ओळखायचं. रस्त्यावरची गाडी, आकाशातला ड्रोन, हे जमेल. पण दहा फूट वाढलेल्या हिरव्या उसात दबा धरून बसलेला बिबट्या? ओला ऊस लहरी पिऊन टाकतो, आणि वारा सुटला की सगळं शेतच हलतं. आईंना सांगा, सध्या काठी आणि स्टार्टर.

त्यापेक्षा जवळचं सांगतो. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते, चाचणीचा संदेश म्हणून, आठवतंय? तो एसएमएस नव्हता. एसएमएस एकेकाला जातो, गर्दीत अडकतो, तुमच्या साडेदहाच्या फोनसारखा. हा टॉवरवरून एकदाच ओरडतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन ऐकतात, मग शंभर असोत की लाख. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या स्नानांना रामकुंडाकडे जी गर्दी लोटेल, तिथे मला याचा भरवसा जास्त वाटतो. २००३ च्या कुंभात आमची ड्यूटी साधुग्रामात एसटीडी बूथ लावायची होती, चिखलात केबल ओढायची. एक साधू महाराज रोज पहाटे येऊन ओळीत सगळ्यांत पुढे उभे राहायचे, फोन कुणालाच लावायचे नाहीत. बूथचा ट्यूबलाइट आवडायचा त्यांना. २०१५ ला चाकांवरचे टॉवर आले आणि पर्वणीच्या दिवशी तेही दम खात होते.

असो, विषय भरकटला. कडवाकाठ, अंबडवाल्यांची सिमची चाचणी करूनच डबा घ्या. आणि अँटेना पत्र्याच्या पेटीत कोंडू नका, वायर लांबवून खांबावर चढवा.

---

कडवाकाठ

मंडळी, काम झालं. परवा नाशिकला गेलो. पहिल्या दुकानात सिमची चाचणी करा म्हटल्यावर पोराने मालकाकडे बघितलं, मालकाने छताकडे. डबा वाजलाच नाही. तोच सात हजार आठशेवाला! दुसऱ्या दुकानात वाजला, एक दाबल्यावर खट्ट झालं. सहा हजार नऊशेला घेतला. फोन, एसएमएस, अ‍ॅप तिन्ही चालतं.

काल दुपारी पुतण्याला घेऊन नदीवर गेलो. पेटीत ठेवून बघितला तर एक कांडी, अँटेना खांबावर बांधली तर तीन. काकांचं ऐकलं. जुना डबा टाकला नाही, तोही शेजारीच ठेवलाय, सिमसकट. पुतण्याने लोराच्या दोन डब्या मागवल्यात स्वतःच्या पैशाने, त्याचा प्रोजेक्ट पण होईल म्हणतो.

रात्री साडेदहाला लाईट आली. जुन्याला फोन लावला, संपर्क होऊ शकत नाही. नव्याला लावला, पहिल्या रिंगला उचलला. आई शेजारी बसली होती, म्हणाली, आवाज बदलला बाईचा.

काका, तुम्हाला लगेच फोन करणार होतो, पण पूर्ण दाबाने पाणी आलं आणि घराजवळचा व्हॉल्व्ह फुटला. पाना शोधत पळावं लागलं. उद्या करतो.